धुळ्यात एक खोली हवी आहे, तान्ह्या बाळांच्या झोपेसाठी

शिरपूर-धुळे परिसरातल्या सर्वांना नमस्कार. आम्ही शिरपूरच्या मंडळाचे कार्यकर्ते, पाड्यांवरच्या बाळांना कानाच्या तपासणीसाठी धुळ्याला घेऊन जातो.

बाळाला ऐकू येतं का हे पाहायला आपल्याकडे अजून थाळी वाजवतात. बाळ दचकलं की आजी म्हणते, "बठ्ठं आयकू येस त्याले!" पण थाळीच्या दणक्यानं कमी ऐकू येणारं बाळही दचकतं. आईचं हळू बोलणं त्याच्यापर्यंत पोचतं का, हे थाळी कशी सांगणार?

पहिली तपासणी ओएईची. कानात मऊ रबरी टोक बसवून बारीक आवाज सोडतात आणि आतल्या कानातून परत येणारा प्रतिसाद मशीन टिपतं. काही मिनिटांचं काम. मशीनवर 'रेफर', म्हणजे 'पुन्हा तपासा', आलं म्हणजे बाळ बहिरं असं नव्हे, जन्मानंतर कानात राहिलेल्या चिकट थरामुळेही तसं येतं. पुन्हा तेच आलं, तर मात्र बेरा, म्हणजे कानाच्या नसेची तपासणी, करावी लागते. दवाखान्यात काचेच्या पेटीत बरेच दिवस राहिलेल्या बाळाची ओएई पास झाली तरी बेरा करायला सांगतात, कारण आतला कान ठीक असून नस बिघडलेली असू शकते.

आमचं घोडं अडतं ते बेरापाशी. कपाळावर आणि कानामागे तारा चिकटवायच्या, कानात टकटक आवाज द्यायचा आणि मेंदूपर्यंत जाणाऱ्या लहरी मोजायच्या. दुखत काहीच नाही, पण बाळ गाढ झोपलेलं हवं, कधीकधी तासभर.

सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून पहाटे निघालेलं बाळ जीपमध्ये झोपतं, एस्टीत झोपतं आणि धुळ्यात मशीनपुढे टक्क जागं! आमच्यासोबत आलेल्या एका पावरा आदिवासी आईनं बाळाला तीनदा पाजलं, मांडीवर थोपटलं. शेवटी म्हणाली, "झोळीशिवाय नाही झोपत." खोलीत झोळी बांधायला कडी नव्हती. तपासणी न होताच परत. पुढची तारीख ऐन कपाशी वेचणीत आली, मजुरी बुडवून ती कशी येणार?

तपासणी जन्मापासून महिन्याच्या आत, दोषाचं निदान तीन महिन्यांच्या आत आणि उपचार सहा महिन्यांच्या आत, असं डॉक्टर सांगतात. तारीख हुकली की त्यातलेच दिवस जातात.

म्हणून मंडळाची मागणी अशी. धुळ्यात दवाखान्यांच्या जवळ कुणाची खोली रिकामी असेल तर महिन्यातले काही दिवस वापरायला द्या. छताला कडी असावी, बाकी थाटमाट नको. आई-बाळ आदल्या रात्री मुक्कामाला येतील, सकाळी डॉक्टर सांगतील तसं बाळाला जागं ठेवून वेळेवर पाजतील. खोली नसेल तर पैसे द्या. गाडीभाडं, जेवण आणि आईची दोन दिवसांची मजुरी धरून एका बाळामागे साधारण अडीच हजार रुपये लागतात. अर्धे दिलेत तरी चालतील, पावती मिळेल. पावरी बोलणाऱ्या दोन-तीन मुली सोबतीला मिळाल्या तर फारच बरं, कारण डॉक्टरांचं मराठी सगळ्याच आयांना कळतं असं नाही.

जुन्या नऊवारी साड्याही आणून द्या. झोळीला त्याच लागतात.

आपले,
मंडळाचे कार्यकर्ते, शिरपूर
(देणगी मंडळाच्या कार्यालयातच द्यावी. दारोदार वर्गणी मागायला आम्ही कुणालाही पाठवलेलं नाही.)