वेकफिल्ड कप १९११ चा नव्हे

संपादक साहेब, नमस्कार,

मॉडेल विमानांच्या स्पर्धांवर कोणी लिहायला बसलं की त्यातला वेकफिल्ड कप (जिंकणाऱ्याला मिळणारी फिरती ट्रॉफी) १९११ चा असं बिनधास्त ठोकून देतात, पण ते अर्धंच खरं आहे. १९११ ला चार्ल्स वेकफिल्डने (तोच तो कॅस्ट्रॉलवाला, इंजिन ऑइलमध्ये एरंडेल घालून विकणारा) एक गोल्ड कप दिला होता खरा, पण पहिल्या महायुद्धाच्या गडबडीत तो गायबच झाला. आत्ता ज्याला वेकफिल्ड कप म्हणतात तो चांदीचा, १९२८ ला त्याच माणसाने परत दिलेला. देणारा एकच, म्हणून घोळ.

आणि या कपाच्या स्पर्धेतली विमानं रबरावर उडतात बरं का, रबराच्या पट्ट्यांची जुडी लांब ताणायची, पीळ भरत भरत हळूहळू जवळ यायचं, पंखा लावून सोडून द्यायचं, मग हवेत वळवायला रिमोट वगैरे काही नाही. आता तर नियमाने फक्त ३० ग्रॅम रबर मिळतं!

कप फिरलाही भरपूर, १९३० आणि ३१ ला अमेरिकेच्या एअरहार्टने नेला, १९३७ ला फ्रान्सचा फियों, १९४९-५० ला फिनलंडचा एलिला. कप कुठे कुठे गेला याचा असा माग लागतो तो विजेत्यांच्या यादीवरून, म्हणून एक विनंती, ज्यांच्याकडे शाळेच्या नाहीतर क्लबच्या जुन्या ट्रॉफ्या पडल्यात त्यांनी पॉलिशला टाकायच्या आधी बुडाच्या पट्टीवरची नावं, सालं यांचे फोटो काढून ठेवा, घासून घासून अक्षरं जातात हो.

- एक वाचक