‘आग्वा दे तामारिंदो’मध्ये चाट मसाला कशाला?

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा लागला की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून थंड पेयांच्या पाककृती येऊ लागतात आणि त्यांत आता मेक्सिकोतील ‘आग्वा दे तामारिंदो’ या चिंचेच्या सरबतालाही जागा मिळू लागली आहे, याचा मनापासून आनंद वाटतो. मात्र या पाककृतींत बाटलीतला तयार कोळ, सोडा, पुदिना, जिरेपूड, चाट मसाला असे जिन्नस सर्रास सांगितलेले असतात. असे पेय चवीला वाईट लागते, असे माझे म्हणणे नाही. पण त्याला मेक्सिकन म्हणू नये, कारण मूळ सरबतात चिंच, पाणी आणि साखर यांखेरीज सहसा काहीही नसते आणि त्याची सारी खुमारी त्या साधेपणातच आहे.

या साधेपणाला कारण आहे. मेक्सिकोतील बाजारांत आणि टाकोच्या गाड्यांवर ‘वित्रोलेरो’ नावाच्या काचेच्या मोठ्या बरण्या मांडलेल्या असतात. त्यांत चिंचेचे, लाल अंबाडीच्या सुकवलेल्या बोंडांचे आणि तांदळाचे अशी सरबते भरलेली असतात आणि ती ओगराळ्याने ढवळून पेल्यात ओततात. साध्या खाणावळींत दुपारच्या ठरलेल्या जेवणाबरोबर त्या दिवसाचे सरबत येतेच. मिरचीच्या तिखटजाळ साल्सांसोबत पेला भरभरून प्यायचे पेय मसालेदार असून कसे चालेल? तिखटमीठ लावलेली चिंच तेथेही आवडीने खातात, पण ती गोळ्या-मिठाईच्या रूपात. चिंचेचे झाड मूळचे आफ्रिकेतले; स्पॅनिश राजवटीत ते मेक्सिकोत रुजले आणि आज गेरेरो, कोलिमा, हालिस्को या पॅसिफिक किनाऱ्यावरील राज्यांत त्याचे चांगले पीक निघते.

घरी करताना सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे चिंचेची निवड. आपण वर्षभरासाठी चिंच फोडून, चिंचोके काढून, मीठ लावून तिचे गोळे बरणीत भरतो. आमटीला ती उत्तम. या सरबताला मात्र ती चालत नाही, कारण मिठाची चव काही केल्या जात नाही आणि जुन्या चिंचेने रंगही काळपट येतो. त्यासाठी नव्या हंगामातले, टरफलासकट पिकलेले आकडेच हवेत. पाव किलो आकड्यांचे टरफल काढावे आणि देठाकडून निघणाऱ्या जाड शिरा ओढून टाकाव्यात. मग चिंच स्टीलच्या पातेल्यात एक लिटर पाण्यात दहा मिनिटे उकळून तासभर झाकून ठेवावी. ॲल्युमिनियमचे किंवा कल्हई नसलेले पितळेचे भांडे चिंचेच्या आंबटपणामुळे मुळीच वापरू नये. पाणी कोमट झाले की हातानेच कुस्करावे. गर चिंचोक्यांपासून सुटून बोटांना गुळगुळीत चिंचोके लागेपर्यंत हे करत राहावे. मिक्सर फिरवला तर चिंचोके फुटतात, त्यांची तुरट चव उतरते आणि केलेले सगळे वाया जाते.

गाळायला साधी चाळणी घ्यावी, पंचा किंवा मलमल नको. थोडा गर पाण्यात उतरलाच पाहिजे. कोमट असतानाच साधारण दीडशे ग्रॅम साखर विरघळवावी, नंतर एक लिटर थंड पाणी घालून चव पाहावी आणि चिंच किती आंबट आहे त्यानुसार साखर वाढवावी. साखरेऐवजी गूळ घातला तरी परंपरेला धक्का लागत नाही, कारण मेक्सिकोतही ‘पिलोन्सियो’ हा उसाच्या रसाचा शंकूच्या आकाराचा गूळ असतो. बर्फ मात्र पेल्यातच टाकावा, भांड्यात नको. गर तळाशी बसतो, म्हणून प्रत्येक वेळी ढवळूनच वाढावे. फ्रिजमध्ये हे सरबत तीन दिवस चांगले राहते.

आपणास एक विनंती आहे. आपल्याकडे चिंचेचे आकडे बाजारात येतात ते फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. पाककृती मे महिन्यात छापून आली, तोवर बहुतेक चिंच फोडून, मीठ लावून झालेली असते आणि वाचकाला बाटलीतल्या कोळाकडेच वळावे लागते. म्हणून पुढील वर्षी ही पाककृती मसाल्यांविना, योग्य प्रमाणासह, मार्चच्या आरंभीच आपल्या पुरवणीत द्यावी.

आपली विश्वासू,
एक वाचक, नाशिक