पर्ज व्हॉल्व्ह बदलण्याआधी आणि बदलताना

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. पेट्रोल भरल्यावर लगेच गाडी सुरू करताना स्टार्टर बराच वेळ फिरवावा लागतो, सुरू झाली तरी आयडलिंग (गाडी उभी असताना इंजिनचे फिरणे) डळमळते, थोडे अंतर गेल्यावर सारे सुरळीत होते, आणि आता चेक इंजिनचा दिवाही लागला असून बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०४९६ हा कोड दिसतो, असे तू लिहिले आहेस. नवा पर्ज व्हॉल्व्ह मागवून टाकू का, असा तुझा प्रश्न आहे. लक्षणे वाचून माझाही संशय त्याच व्हॉल्व्हवर जातो. तरीही तो मागवण्याआधी तपासून घ्यावा, आणि बिघडलेला निघालाच तर कशामुळे बिघडला हेही पाहावे, असा माझा आग्रह आहे. हे दुसरे काम बरेच जण टाळतात, आणि मग नवा व्हॉल्व्हही जुन्याच कारणाने अडकून बसतो.

आधी या व्हॉल्व्हचे काम नेमके काय ते सांगतो, म्हणजे तुझ्या गाडीचे वागणे विचित्र वाटणार नाही. टाकीतल्या पेट्रोलची वाफ सतत होत असते. जुन्या गाड्यांत ती सरळ हवेत जाई. कॅलिफोर्नियाने १९७० मध्ये नव्या गाड्यांत ती अडवणे बंधनकारक केले, पुढच्या वर्षी तो नियम साऱ्या अमेरिकेला लागू झाला, आणि आता पेट्रोलच्या बहुतेक गाड्यांत ही व्यवस्था असते. टाकीतली वाफ एका डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये जाते आणि तिथल्या सक्रिय कोळशाच्या दाण्यांना धरून राहते. कोळशाची धरून ठेवण्याची शक्ती मर्यादित असल्यामुळे तो वेळोवेळी मोकळा करावा लागतो. त्यासाठी इंजिनच्या इन्टेक मॅनिफोल्डमधला (इंजिनमध्ये हवा नेणाऱ्या भागातला) निर्वात उपयोगी पडतो: कॅनिस्टरच्या दुसऱ्या तोंडाने ताजी हवा आत शिरते, कोळशातली वाफ सोबत घेते आणि इंजिनमध्ये जाऊन जळते. या वाटेवरचे फाटक म्हणजे पर्ज व्हॉल्व्ह. तो विजेवर चालतो आणि वीज नसताना बंद राहतो. इंजिन पुरेसे तापले आणि धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या आधारे हवा-पेट्रोलचे मिश्रण सांभाळले जाऊ लागले, की ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, त्याला झटपट उघडझाप करायला लावते आणि किती वाफ आत घ्यायची ते उघडे राहण्याच्या टक्केवारीने ठरवते.

हे फाटक उघडेच अडकले, तर इंजिन वेळीअवेळी कॅनिस्टरमधून ओढत राहते. पेट्रोल भरताना टाकीतली बरीच वाफ कॅनिस्टरकडे ढकलली जाते, म्हणजे त्या वेळी कोळसा काठोकाठ भरलेला असतो. गाडी सुरू करताना ती सगळी वाफ एकदम इंजिनमध्ये येते, मिश्रण अतिशय दाट होते आणि इंजिन पेट घेत नाही. तुझ्या गाडीचे दुखणे नेमके हेच दिसते. उलट कॅनिस्टर रिकामे असेल, तर त्याच वाटेने मोजमाप न झालेली नुसती हवा आत येते आणि मिश्रण पातळ होते. म्हणूनच एकाच बिघाडाने एखाद्या दिवशी पी०१७२ (मिश्रण दाट) आणि दुसऱ्या दिवशी पी०१७१ (मिश्रण पातळ) असे परस्परविरुद्ध कोड लागू शकतात, आणि माणूस सेन्सर बदलत बसतो. व्हॉल्व्ह बंदच अडकला, तर मात्र चालवणाऱ्याला बहुधा काहीच जाणवत नाही. फक्त दिवा लागतो.

कोड वाचताना एवढे ध्यानात ठेव की त्यातून निरीक्षण कळते, दोषी भाग कळत नाही. पी०४९६ म्हणजे मागितलेला नसताना प्रवाह सापडला, पी०४४१ म्हणजे प्रवाह अपेक्षेप्रमाणे नाही, आणि पी०४४३ म्हणजे व्हॉल्व्हच्या विद्युत मंडलात गडबड आहे, मग ती व्हॉल्व्हमधल्या तारेच्या वेटोळ्यात, म्हणजे कॉइलमध्ये असो, वायरी जोडणाऱ्या कपलरमध्ये असो की वायरमध्ये. पी०४४२, पी०४५५, पी०४५६ हे गळतीचे कोड. ते आले तर आधी टाकीचे झाकण आणि त्याची रबरी रिंग पाहावी.

आता तपासणी. बहुतेक गाड्यांत हा व्हॉल्व्ह बॉनेटखाली इन्टेक मॅनिफोल्डजवळ असतो, काहींत मागे कॅनिस्टरपाशी. दोन नळ्या आणि दोन वायरींचा कपलर, एवढीच त्याची ओळख. इंजिन गरम असताना त्यातून बारीक टिकटिक ऐकू येते. तो त्याचा चालू असल्याचा आवाज आहे, आणि केवळ त्या आवाजाला कंटाळून चांगला व्हॉल्व्ह बदलणारे लोकही असतात.

इंजिन गरम करून आयडलवर ठेव, कपलर काढ, कॅनिस्टरकडून येणारी नळी व्हॉल्व्हवरून सोडव आणि व्हॉल्व्हच्या त्या तोंडावर बोट धर. वीज तोडलेली असल्यामुळे तिथे ओढ अजिबात लागता कामा नये. लागली, तर व्हॉल्व्ह आतून उघडा अडकला आहे. पण कपलर जोडलेला असतानाच ओढ लागत असेल आणि काढताच थांबत असेल, तर त्याला दोष देण्याची घाई करू नकोस. एक तर ईसीयूच त्याला उघडत आहे, किंवा नियंत्रणाची वायर कुठेतरी घासून बॉडीला टेकली आहे. स्कॅनरवर पर्जची टक्केवारी दिसत असेल, तर शून्य टक्के हुकूम असताना ओढ आहे का, एवढे पाहिले की यातले कोणते ते कळते. कपलर काढल्यामुळे नवा कोड लागेल, त्याने घाबरू नकोस. स्कॅनरवर शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिमही (मिश्रण बरोबर ठेवायला ईसीयू पेट्रोल किती टक्के कमीजास्त करते तो आकडा) पाहता येतो: नळी रबरी असेल तर ती हलकेच दाबून बंद कर, ट्रिमचा आकडा लगेच शून्याकडे सरकला आणि आयडल स्थिरावले, तर आणखी पुरावा नको. कडक प्लॅस्टिकची नळी मात्र दाबू नकोस, ती उष्णतेने ठिसूळ झालेली असते.

मग इंजिन बंद करून मल्टिमीटरने कॉइल मोज. पुष्कळ व्हॉल्व्हमध्ये साधारण २० ते ३० ओम मिळतात, पण तुझ्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडाच प्रमाण मान. अनंत रोध म्हणजे कॉइल तुटली; जवळजवळ शून्य म्हणजे ती शॉर्ट आहे, आणि असा व्हॉल्व्ह ईसीयूलाही इजा करू शकतो. किल्ली ऑन करून कपलरच्या एका वायरवर बॅटरीएवढा व्होल्टेज येतो का ते पाहा. येत नसेल तर फ्यूजपासून शोध सुरू कर. दुसरी वायर ईसीयूकडे जाते आणि अर्थ देण्याचे, म्हणजे मंडल बॅटरीच्या ऋण बाजूला जोडण्याचे काम ईसीयू करते, हे नेहमीचे रूप आहे.

काही व्हॉल्व्ह थंड असताना बरोबर बसतात आणि तापल्यावरच गळतात, त्यामुळे थंड इंजिनावर एकदा पाहून निकाल देऊ नये. सुटा काढल्यावर हाताच्या व्हॅक्यूम पंपाने निर्वात धरतो का ते पाहणे उत्तम. तोंडाने ओढून पाहण्याची पद्धत मला मुळीच पसंत नाही, कारण पेट्रोलची वाफ छातीत जाते. बारा व्होल्ट देऊन टक् असा आवाज येतो आणि वाट उघडते का, हेही पाहा, पण ते गाडीपासून दूर, वायरी आधी व्हॉल्व्हला जोडून आणि बॅटरीकडचे टोक शेवटी टेकवून, म्हणजे ठिणगी वाफेजवळ पडणार नाही.

प्रत्यक्ष बदलणे हे सर्वांत सोपे काम आहे. इंजिन थंड असू दे, जवळपास ज्योत नको, आणि टाकीचे झाकण एकदा सैल करून आतला दाब जाऊ दे. कपलरची खिट्टी दाबून तो काढ, वायरीला धरून ओढू नकोस. नळ्यांच्या क्लिपा सोडवताना हिसका देण्यापेक्षा थोडे फिरवून नळी मोकळी कर. व्हॉल्व्हवरच्या बाणाची दिशा आणि कोणती नळी कुठे होती याचा फोटो काढून ठेव. उलटा बसवलेला व्हॉल्व्ह नीट काम करत नाही. ओ-रिंग, म्हणजे गळती रोखणारी रबरी कडी, असेल तर नवी घाल.

आणि आता ज्यासाठी एवढे लांबलचक लिहिले ते. काढलेला व्हॉल्व्ह पांढऱ्या कागदावर आपटून पाहा. काळी पूड किंवा दाणे पडले, तर कॅनिस्टर आतून फुटले आहे आणि कोळसा प्रवाहाबरोबर येऊन व्हॉल्व्हच्या सीटवर, म्हणजे तो बंद होताना टेकतो त्या जागी, अडकतो आहे. असे होण्याचे एक ठळक कारण म्हणजे नोझल आपोआप बंद पडल्यावरही थेंब थेंब करून टाकी गळ्यापर्यंत भरणे. त्यामुळे केवळ वाफेसाठी असलेल्या वाटेने द्रव पेट्रोल कॅनिस्टरमध्ये जाते आणि कोळसा खराब करते. तुला ही सवय आहे का, ते तूच जाणोस. पूड निघाली तर कॅनिस्टर बदलावे लागेल, आणि मधली नळी दोन्ही टोकांनी सोडवून हवेने साफ करावी लागेल, टाकीच्या दिशेने हवा न मारता. हे न करता घातलेला नवा व्हॉल्व्ह म्हणजे पैसे वाया. पूड नसेल तर व्हॉल्व्ह वयाने गेला असे समज आणि निश्चिंतपणे नवा लाव.

नंतर कोड पुसून टाक, मात्र त्यावरून लगेच काही ठरवू नकोस. कोड पुसताना गाडीने स्वतःच्या तपासण्यांची केलेली नोंदही पुसली जाते. वाफेच्या यंत्रणेची तपासणी गाडी आपल्या अटींवरच करते: इंजिन रात्रभर थंड झालेले हवे, आणि टाकी बहुधा १५ ते ८५ टक्क्यांच्या दरम्यान भरलेली हवी. या तपासणीत सुमारे अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्राची गळतीही पकडली जाऊ शकते, म्हणून झाकण नीट घट्ट कर. ती पूर्ण झाल्याचे स्कॅनरवर दिसले आणि दिवा लागला नाही, तरच दुरुस्ती झाली म्हणायचे.

कपलर काढल्यावर ओढ लागते का, कॉइलचे ओम किती, आणि कागदावर काही पडते का, या तीन गोष्टी मला लिहून कळव; मग कॅनिस्टरचे काय करायचे ते ठरवू.

तुझा,
विनायक