आरोग्य व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अर्जात नेमके काय तपासले जाते?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आरोग्य व्यवस्थापनातील पदव्युत्तर अभ्यासक्रमांविषयी करिअरच्या पानांवर जे छापून येते, त्यात संस्थांची नावे, क्रमवारी आणि अर्जाची शेवटची तारीख असते. प्रत्यक्ष अर्ज भरायला बसलेल्याला एवढ्याने फारशी मदत होत नाही. या पदवीचे कितीतरी अर्ज गुण कमी म्हणून मागे पडत नाहीत. अर्जदार रुग्णसेवेची ओढ लिहितो आणि वाचणारी समिती त्याला व्यवस्थेचे काम कळते का, हे शोधत असते. डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माते आणि फिजिओथेरपिस्ट यांच्या अर्जांत हे विशेष दिसते. वाणिज्य किंवा अभियांत्रिकीचे पदवीधर नेमके उलटे चुकतात, त्यांच्या अर्जात रुग्णालयाऐवजी कुठलाही कारखाना घातला तरी चालून जाते.

पहिला प्रश्न पदवीच्या निवडीचा. या विषयाची दोन घराणी आहेत. शिकागो विद्यापीठात १९३४ साली आरोग्यसेवेचे अभ्यासक मायकेल डेव्हिस यांच्या पुढाकाराने रुग्णालय प्रशासनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला, तो व्यवसाय शिक्षणाच्या विभागात. पुढे सार्वजनिक आरोग्याच्या विद्यालयांनीही हा विषय आपल्याकडे घेतला. त्यामुळे आज एमएचए (आरोग्य प्रशासनाची पदव्युत्तर पदवी), आरोग्यसेवेतील एमबीए, आरोग्य धोरण व व्यवस्थापनातील एमपीएच (सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी) आणि नुसते एमएस्सी अशा चार-पाच पाट्या शेजारी दिसतात. पाटीवर जाऊ नये. अनिवार्य विषयांची यादी उघडावी आणि मोजावे: लेखांकन, वित्त, ऑपरेशन्स (दैनंदिन कामकाजाचे नियोजन) आणि मनुष्यबळ यांचे श्रेयांक (क्रेडिट) किती, रोगपरिस्थितीविज्ञान (रोगांच्या प्रसाराचा अभ्यास) आणि जैवसांख्यिकीचे किती. एमपीएचमध्ये दुसरा गट भक्कम असतो. रुग्णालय चालवायला निघालेल्या उमेदवाराला तिथे वित्ताचा एखादाच विषय मिळतो आणि हे प्रवेश घेतल्यावर लक्षात येते. उलट, लसीकरणाचे किंवा जिल्हा पातळीवरचे कार्यक्रम आखायचे असतील तर एमबीए हा महागडा वळसा आहे.

मान्यताही घराण्यानुसार वेगळी. सीएएचएमई ही संस्था मुख्यतः उत्तर अमेरिकेतील आरोग्य व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांना मान्यता देते, सीईपीएच सार्वजनिक आरोग्याच्या विद्यालयांना आणि अभ्यासक्रमांना, एएसीएसबी व्यवसाय विद्यालयांना. सीएएचएमईची मान्यता विशिष्ट अभ्यासक्रमाला असते, विद्यापीठाला नव्हे. एकाच विद्यापीठाचा पूर्णवेळ अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आणि ऑनलाइन अभ्यासक्रम तसा नसलेला, असे होऊ शकते. माहितीपत्रकातले ‘मान्यताप्राप्त’ हे विशेषण पुरेसे नाही. मान्यता देणाऱ्या संस्थेच्या यादीत अभ्यासक्रमाचे नाव आणि मुदत स्वतः पाहावी. आपल्या दैनिकाने प्रवेशाच्या बातमीत अनिवार्य विषय, मान्यतेची मुदत आणि रुग्णालयातील प्रत्यक्ष कामाचा कालावधी ही तीन माहितीची घरे कायमची ठेवावीत, अशी आमची सूचना आहे. यातले तिसरे सर्वांत कमी विचारले जाते. काही ठिकाणी हे काम विद्यापीठ मिळवून देते, काही ठिकाणी विद्यार्थ्यानेच शोधायचे असते. अर्जाआधी ईमेल करून हे लेखी विचारून घ्यावे. एक्झिक्युटिव्ह, म्हणजे नोकरी करणाऱ्यांसाठीच्या, प्रकारात काही वर्षांचा कामाचा अनुभव ही पात्रतेचीच अट असते, नवख्याने तिथे अर्जशुल्क घालवू नये.

आता उद्देशपत्र, म्हणजे सगळे ज्याला एसओपी म्हणतात ते. शब्दमर्यादा बहुधा पाचशे ते हजार. त्यातले पहिले दोनशे शब्द आजारी आजी, लहानपणचे रुग्णालय आणि सेवेचे स्वप्न यांत गेले की कामाला जागाच उरत नाही. त्याऐवजी एक प्रक्रिया निवडावी आणि ती शेवटपर्यंत उलगडावी.

डिस्चार्जचे उदाहरण घ्या. डॉक्टरांनी सकाळी दहाला ‘घरी जाऊ द्या’ म्हटले आणि रुग्ण चार वाजता बाहेर पडला. मधले सहा तास कुठे गेले? डिस्चार्ज समरी टाइप होऊन सही व्हायची होती, न वापरलेली औषधे फार्मसीत परत जायची होती, अंतिम बिलासाठी प्रयोगशाळेच्या नोंदी बंद व्हायच्या होत्या, विमा कंपनीची मंजुरी यायची होती, वाहतूक सेवकाची वाट पाहायची होती. यातली कोणती कामे एकामागून एक होतात आणि कोणती एकाच वेळी होऊ शकतात, हे ज्याने लिहिले त्याला समिती दुसऱ्यांदा वाचते. त्यावर हिशोब जोडावा. रोज ३० डिस्चार्ज आणि प्रत्येकात तीन तास टाळता येण्याजोगे, म्हणजे ९० बेड-तास, खाटा विनाकारण अडकल्याचे तास. २४ ने भागले की पावणेचार खाटा. एवढ्या खाटा नवीन बांधकामाशिवाय मोकळ्या होतात. हे गणित शाळेतले आहे, पण ‘मला कार्यक्षमता वाढवायची आहे’ या वाक्यापेक्षा कितीतरी जास्त बोलते.

बाह्यरुग्ण विभागाबद्दल लिहिणाऱ्यांनी संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम माहीत करून घ्यावा: आवारात सरासरी असणारी माणसे म्हणजे दर तासाला येणारी माणसे गुणिले प्रत्येकाचा मुक्काम. तासाला ४० रुग्ण येत असतील आणि प्रत्येकाला दीड तास लागत असेल, तर कोणत्याही क्षणी सरासरी ६० जण तिथे असणारच. नातेवाईक वेगळे. अशा ठिकाणी खुर्च्या वाढवण्याची सूचना करणारा अर्जदार मुक्कामाची लांबी सोडून गर्दीवर उपाय करत असतो.

आकडे वापरताना एक सावधगिरी. ‘आमच्या विभागाची बेड ऑक्युपन्सी (भरलेल्या खाटांचे प्रमाण) ९८ टक्क्यांवर नेली’ हे वाक्य अभिमानाने लिहिलेले असते आणि जाणकाराला ते धोक्याची खूण वाटते. एवढ्या भरलेल्या विभागात नवा रुग्ण तातडीच्या कक्षात अडकतो, चुकीच्या वॉर्डात टाकला जातो किंवा नियोजित शस्त्रक्रिया रद्द होते. या चर्चेत सुरक्षित मर्यादा म्हणून ८५ टक्के हा आकडा नेहमी येतो, पण तोही दगडावरची रेघ नाही. छोट्या विभागात चढ-उतार मोठे असल्याने अडचण त्याआधीच सुरू होते. तसेच सरासरी मुक्काम कमी केला असे लिहायचे तर महिनाभरात किती रुग्ण पुन्हा दाखल झाले, हेही सांगावे. या विषयाचे अभ्यासक अॅव्हेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये आरोग्यसेवेच्या गुणवत्तेची रचना, प्रक्रिया आणि परिणाम अशी मांडणी केली. स्वतःचे काम या तीन शब्दांवर ठेवून पाहिले की कुठे पोकळ आहे ते दिसते. बहुतेकांनी रचना बदललेली असते (नवे सॉफ्टवेअर, नवा फॉर्म) आणि दावा मात्र परिणामाचा असतो.

स्वतःचा वाटा किती हे साफ लिहावे. सहा जणांच्या समितीत आपण नोंदी गोळा केल्या असतील तर तेवढेच सांगावे, मुलाखतीत पहिला खोदून प्रश्न तिथेच येतो. रुग्णाचे नाव, तारीख किंवा ओळख पटेल असा दुर्मीळ आजार कधीही घालू नये. गोपनीयतेचे भान नसलेला उमेदवार इथेच बाद होतो. आणि ‘हाच अभ्यासक्रम का’ हा परिच्छेद लिहून झाला की विद्यापीठाचे नाव बदलून वाचावा. तरीही तो चपखल बसला, तर तो पुन्हा लिहायचा. विशिष्ट विषय, विशिष्ट प्रकल्प, एखाद्या अध्यापकाचे चालू संशोधन, यांपैकी काहीतरी त्यात असावे. परिसर सुंदर असल्याचे समितीला माहीत आहे.

शिफारसपत्रे दोन किंवा तीन लागतात. मोठ्या हुद्द्याच्या पण ओळख नसलेल्या संचालकापेक्षा रोज काम पाहणाऱ्या विभागप्रमुखाचे पत्र जड. एक शिक्षक आणि एक वरिष्ठ सहकारी ही जोडी बहुतेक ठिकाणी चालते. डॉक्टरांच्या बाबतीत तिन्ही पत्रे निदानकौशल्याची स्तुती करतात आणि माणसे हाताळणे, ड्युटी लावणे, साहित्याचा साठा सांभाळणे यावर कोणी एक ओळ लिहीत नाही. म्हणून किमान सहा आठवडे आधी सीव्ही, उद्देशपत्राचा मसुदा आणि दोन-तीन प्रसंगांची आठवण करून देणारा कागद शिफारसकर्त्याला द्यावा. पत्राचा मजकूर त्यालाच लिहू द्यावा. तीन पत्रांची भाषा एकच असेल तर ते लपत नाही. पोर्टलची लिंक त्याच्या स्पॅम फोल्डरमध्ये जाऊ शकते, हेही त्याला आधीच सांगून ठेवावे. शिफारसकर्त्याचा ईमेल संस्थेचा असावा. खासगी पत्त्यावरून आलेल्या पत्राची पडताळणी कधी कधी मागितली जाते.

कागदपत्रांत वेळ खाणारी गोष्ट म्हणजे गुणपत्रिका. परदेशात अर्ज करताना आपल्या पदवीचे मूल्यांकन दोन प्रकारचे असते: एकात फक्त पदवीची समकक्षता, दुसऱ्यात विषयवार श्रेयांक आणि श्रेणी. विद्यापीठाला दुसरे हवे असताना पहिले मागवले तर पैसे आणि महिना दोन्ही जातात. गुणपत्रिका अनेकदा थेट मूळ विद्यापीठाकडून यावी लागते, अर्जदाराने स्कॅन केलेली चालत नाही. पासपोर्टवर, पदवीवर आणि परीक्षेच्या नोंदणीत नाव वेगवेगळे असेल, विशेषतः लग्नानंतर किंवा आडनाव पुढे-मागे झाल्याने, तर फाइल जुळत नाही आणि ‘अपूर्ण’ म्हणून पडून राहते. अमेरिकेत आरोग्य व्यवस्थापनासाठी हॅम्पकॅस आणि सार्वजनिक आरोग्यासाठी सोफास ही केंद्रीय पोर्टल आहेत, पण प्रत्येक विद्यापीठ त्यांत नाही आणि काहींचा पूरक अर्ज वेगळा असतो. केंद्रीय पोर्टलवर कागद पोहोचल्यावर पडताळणीला काही आठवडे जाऊ शकतात. म्हणून शेवटच्या तारखेपासून मागे मोजत यावे आणि गुणपत्रिकेची मागणी चार महिने आधी नोंदवावी.

परीक्षांबद्दल थोडक्यात. जीआरई आणि जीमॅट या प्रवेशपरीक्षांचे गुण पाच वर्षे धरतात, आयईएलटीएस आणि टोफेल या इंग्रजीच्या परीक्षांचे दोन. जीमॅटच्या नव्या रूपात मोजपट्टी २०५ ते ८०५ आहे आणि जुन्या ७०० च्या जोडीला नवे ६४५ बसतात, त्यामुळे जुन्या मार्गदर्शनातले आकडे पाहून घाबरू नये. बऱ्याच अभ्यासक्रमांनी जीआरई-जीमॅट ऐच्छिक केली आहे. पदवीत गणित किंवा सांख्यिकी नसेल, तर मात्र ऐच्छिक असूनही संख्यात्मक विभागाचे चांगले गुण पाठवणे फायद्याचे. दुसरा मार्ग म्हणजे सांख्यिकी आणि वित्तीय लेखांकनाचा श्रेणी देणारा एकेक अभ्यासक्रम अर्जाआधी पूर्ण करणे. नुसते हजेरीचे प्रमाणपत्र इथे वजन टाकत नाही.

मुलाखत अलीकडे रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओवरही होते: प्रश्न पडद्यावर येतो, विचाराला अर्धा-एक मिनिट, उत्तराला एक-दोन मिनिटे. पाठ केलेले उत्तर तिथे पहिल्या वीस सेकंदांत उघडे पडते. वरिष्ठ सर्जन शस्त्रक्रियागृहात उशिरा येतात आणि यादी कोलमडते, काय कराल, असा प्रश्न हमखास असतो. ‘शिस्तभंगाची कारवाई’ हे उत्तर आणि ‘समजावून सांगेन’ हे उत्तर, दोन्ही अपुरी. पहिल्या केसच्या सुरुवातीच्या वेळा महिनाभर नोंदवणे, उशीर सर्जनमुळे की भूल, निर्जंतुकीकरण किंवा वॉर्डातून रुग्ण आणण्यामुळे हे वेगळे करणे आणि मग ती नोंद सगळ्या विभागांसमोर एकत्र ठेवणे, या क्रमाने बोलणारा उमेदवार पुढे जातो.

शिष्यवृत्तीची तारीख अनेकदा प्रवेशअर्जाच्या आधी संपत असते आणि काही ठिकाणी तिच्यासाठी वेगळा निबंध मागतात. सशर्त प्रवेश मिळाल्यास अट नीट वाचावी: अंतिम पदवी प्रमाणपत्र कोणत्या तारखेपर्यंत, भाषापरीक्षेच्या कोणत्या भागात किती गुण, जागा राखण्यासाठी भरलेली अनामत परत मिळते की नाही. दीक्षान्त समारंभ लांबला असेल तर विद्यापीठाकडून तात्पुरते पदवी प्रमाणपत्र घेऊन ते चालेल का, हे प्रवेश कार्यालयाला अनामत भरण्यापूर्वी विचारावे आणि उत्तर ईमेलवरच मागावे.

आपले,
आरोग्य व्यवस्थापन शिकवणारे काही अध्यापक