पक्षाच्या खर्चाला लिमिट का नाही?
संपादक साहेब, विधानसभेला उमेदवाराने ४० लाखांच्या वर खर्च करायचा नाही असा नियम आहे पण पक्षाच्या खर्चाला लिमिटच नाही, मग स्टार प्रचारकांची हेलिकॉप्टरं, टीव्हीवरच्या जाहिराती सगळं पक्षाच्या नावावर टाकलं की झालं! इलेक्टोरल बॉण्ड (नाव गुप्त ठेवून पक्षांना देणगी द्यायचे रोखे) सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२४ मध्ये रद्द केले ते बरंच झालं, तरी २० हजारांपर्यंतच्या देणगीदाराचं नाव निवडणूक आयोगाला कळवायची सक्ती अजून नाहीच. २०१३ साली केंद्रीय माहिती आयोगाने सहा राष्ट्रीय पक्षांना आरटीआय (माहिती अधिकार कायदा) लागू म्हटलं होतं, पक्षांनी ते मानलंच नाही (इथे मात्र सगळ्यांची युती). आमच्या सोसायटीत गणपतीला १०० रुपये वर्गणी दिली तरी पावती मिळते आणि विसर्जनानंतर हिशोब नोटीस बोर्डावर लागतो. पक्षांना निदान तेवढं तरी सक्तीचं करा.
– एक मतदार, नाशिक