आईचं शास्त्र

प्रिय मित्रा,
सप्रेम सलाम.

फोनवर तू विचारलंस, "प्रार्थना करतोस ना रे?" आणि मी विषय बदलला. म्हणून आज लिहायला बसलोय.

नव्हतो करत. आई गेल्यापासून पाच महिने तोंडातून शब्दच फुटत नव्हता. चर्चला जायचो, मागच्या बाकावर बसायचो, प्रभुभोजनाआधी, भाकर वाटायच्या आधीच, उठून यायचो. "ती प्रभूजवळ आहे, रडू नकोस," असं लोक म्हणायचे. चांगल्या मनानंच म्हणायचे. पण घरी येऊन कुलूप मीच उघडायचं, दिवा मीच लावायचा. वाटायचं, वर ऐकणारं कुणी आहे तरी का?

परवा आईचं शास्त्र, तिचं बायबल, उघडलं. कव्हराला अजून तिच्या खोबरेल तेलाचा वास आहे. वाटलं, खूण दिलाशाच्या तेविसाव्या स्तोत्रावर असेल. ती होती अठ्ठ्याऐंशीव्यावर. पेन्सिल इतकी दाबलेली की मागच्या पानावर वळ उठलेत, आणि कडेला बाबा गेले ती तारीख. ते स्तोत्र वाच. दुःखाची बाकीची स्तोत्रं बहुधा शेवटी सावरतात; हे अंधारातच संपतं. आपल्याला रोज संध्याकाळी गायनं म्हणायला बसवणारी आई, रे! तिनं हे कधी बोलून दाखवलं नाही. त्या रात्री मी पहिल्यांदा मोठ्यानं रडलो. मग पुन्हा वाचलं, तर पहिलीच ओळ देवाला मारलेली हाक. सगळं गेलं तरी त्या माणसानं हाक सोडलेली नाही.

संडे स्कूलबरोबर केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनला गेलो होतो, आठवतं? रमाबाईंचे आईवडील दुष्काळात गेले, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये नवरा, आणि १९२१ मध्ये एकुलती मनोरमा. तरी १९२२च्या एप्रिलात डोळे मिटेपर्यंत शास्त्राच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही. तेव्हा मला त्या नुसत्या धीराच्या वाटल्या होत्या. आता त्यांच्या संध्याकाळी डोळ्यांपुढे येतात.

मार्काच्या शुभवर्तमानातला तो आजारी मुलाचा बाप म्हणतो, "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका." आधी विश्वास पक्का करून ये, असं येशूनं त्याला सांगितलं नाही. पोराला बरं केलं. तेवढंच वाक्य मी रोज म्हणतो. कधी अर्धंच होतं. शंका आहेतच, पण आता त्या देवालाच सांगतो.

गेल्या रविवारी प्रभुभोजनाला थांबलो. भाकर घेताना हात थरथरला, तर शेजारच्या आजींनी काही न बोलता कोपर धरलं.

नाताळात नगरला ये. करंज्या मला जमणार नाहीत, विकतच्या आणू. ते पान तुला दाखवायचंय.

तुझाच मित्र