चि. सायलीस: पुस्तक एक, प्रती पाच

कऱ्हाड

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

तू केलेल्या ग्रंथालयाच्या प्रोग्रॅमची फाइल मिळाली. मोबाइलवर काही धड दिसेना, म्हणून वाचनालयातल्या संगणकावर उघडली, कागदावर छापली आणि लाल पेन घेऊन बसलो. लाल पेनाची सवय आता जायची नाही, वाईट वाटून घेऊ नकोस. फोनवर तू म्हणालीस, "बाबा, तुमची वाचनालयातली एकतीस वर्षांची नोकरी माझ्या चाळीस ओळींत बसली!" आई अजून हसते आहे. मी ओळी मोजल्या. त्रेचाळीस आहेत, त्यातल्या सहा रिकाम्या.

फोनवर सांगायला गेलो की तू "हो बाबा, हो बाबा" करतेस आणि मागे तुझ्या मैत्रिणी जेवायला हाका मारत असतात. म्हणून हे पत्र.

आधी एक कबुली. वाचनालय बंद झाल्यावर रोज तासभर, असे तीन आठवडे मी पायथन ही प्रोग्रॅम लिहायची भाषा शिकतो आहे. एमएस-सीआयटीच्या पुढे कधी गेलो नव्हतो, त्यामुळे पहिले चार दिवस कंसात आणि रिकाम्या जागांत गेले. मग एक गंमत कळली. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलची, म्हणजे माहिती ठेवायच्या डब्यांची, नावं देवनागरीत दिली तरी चालतात. क्लास, डेफ, रिटर्न हे भाषेचे शब्द इंग्रजीतच राहतात, पण माझ्या क्लासचं, म्हणजे वस्तूंच्या साच्याचं, नाव 'प्रत' आणि त्यातल्या गोष्टी 'दाखल_क्रमांक', 'किंमत' अशा. तुमचे सर नाक मुरडतील. मला मात्र त्यामुळे वाचता येतं.

आता तुझा प्रोग्रॅम. 'पुस्तक' हा एक क्लास. त्यात नाव, लेखक, किंमत आणि 'उपलब्ध', जे एकतर हो किंवा नाही. दुसरा क्लास 'ग्रंथालय', त्याच्या पोटात पुस्तकांची यादी आणि भर घालणं, शोधणं, देणं, परत घेणं, काढून टाकणं ही कामं. चालतो. सरांनी गुणही दिले. पण मी त्यात आपल्या वाचनालयातलं पहिलंच पुस्तक घालायला गेलो आणि तिथेच अडलो.

पुस्तक होतं 'श्यामची आई'. आपल्याकडे त्याच्या पाच प्रती आहेत. एक जुनी, बांधणी उसवलेली. दोन शाळेच्या मुलांसाठी घेतलेल्या. एक कुणीतरी वडिलांच्या स्मरणार्थ भेट दिलेली, पहिल्या पानावर शाईने तसं लिहिलेली. आणि एक नवीकोरी. तुझ्या प्रोग्रॅममध्ये मला पाच वेळा नाव, पाच वेळा लेखक टाइप करावं लागलं. तिसऱ्या वेळी 'साने गुरूजी' असं दीर्घ रू पडलं. झालं, शोधल्यावर चारच प्रती सापडल्या.

ही चूक टायपिंगची नाही, मांडणीची आहे. 'पुस्तक' हा शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. काउंटरवर बाई विचारतात, "श्यामची आई आहे का?", तेव्हा त्या साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ग्रंथाबद्दल विचारत असतात. मी कपाटातून काढून देतो ती मात्र एक वस्तू असते, तिला वजन असतं, कोपरा दुमडलेला असतो, आतल्या पानावर दाखल क्रमांकाचा शिक्का असतो. ग्रंथ एक, प्रती पाच. म्हणजे क्लास दोन हवेत. 'ग्रंथ'मध्ये नाव, लेखक, विषय. 'प्रत'मध्ये दाखल क्रमांक, कधी घेतली, कुठल्या कपाटात आहे, बांधणीची अवस्था, आणि ती कुठल्या ग्रंथाची प्रत आहे त्याकडे बोट. साने गुरुजींचं नाव एकदाच लिहायचं, एकदाच दुरुस्त करायचं.

किंमत कुठे ठेवशील? तू म्हणशील ग्रंथात. मीही आधी तिथेच ठेवली होती. पण जुनी प्रत आम्ही घेतली तेव्हाची किंमत वेगळी, आताची वेगळी, आणि भेट आलेल्या प्रतीला आमचा खर्च शून्य. ऑडिटला हीच किंमत लागते. म्हणून ती प्रतीची.

आमच्या दाखल रजिस्टरमध्ये हे पहिल्यापासून आहे बघ. प्रत्येक प्रतीला तिची स्वतंत्र ओळ. आणि कार्ड कॅटलॉगच्या ड्रॉवरमध्ये ग्रंथाला कार्ड, त्याच्या मागच्या बाजूला सगळ्या प्रतींचे दाखल क्रमांक. मी रुजू झालो तेव्हा मला वाटायचं, एकच माहिती दोन ठिकाणी लिहायचा हा काय सरकारी छळ! तीन आठवड्यांपूर्वी कळलं की ते दोन क्लास होते.

तुझ्या अभ्यासाच्या पुस्तकात एका ओळीत उरकलंय म्हणून सांगतो, क्लास आणि ऑब्जेक्ट (साच्यातून काढलेली एकेक वस्तू) हे प्रकरण आलं नॉर्वेहून. ओस्लोच्या नॉर्वेजियन कंप्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगार्ड यांनी सिम्युला ६७ नावाची भाषा केली, तीत. प्रत्यक्ष जगातलं काम संगणकात जसंच्या तसं चालवून पाहायचं, हा त्यांचा खटाटोप. म्हणजे आधी बाहेर बघायचं, काय काय वस्तू आहेत, कोण कोणाला काय करतं, आणि मग कीबोर्डला हात लावायचा. तू उलट केलंस. आधी क्लास लिहिलास, मग पुस्तकं त्यात कोंबलीस.

पुढचं लाल वर्तुळ 'उपलब्ध'वर आहे. उत्तर 'नाही' आलं. बरं, मग प्रत कुठे आहे? कुणाकडे? कधीपासून? बांधणीला गेली आहे की गहाळ झाली आहे? हो-नाहीच्या एका खुणेत हे मावत नाही. देवघेवीच्या टेबलावर आपण रजिस्टरातल्या प्रतीच्या ओळीलाही हात लावत नाही आणि सभासदाच्याही, आपण एक वेगळी नोंद करतो. अमुक प्रत, अमुक सभासद, दिली ती तारीख, आली ती तारीख. ती नोंद हीच एक वस्तू आहे, तिला तिचा क्लास दे. परतीची तारीख रिकामी असेल तर प्रत बाहेर आहे, एवढं प्रोग्रॅमने आपलं आपण ओळखावं. 'उपलब्ध' वेगळं लिहून ठेवायची गरजच उरत नाही. आणि जे दोन ठिकाणी लिहिलं जातं ते एक दिवस एकमेकांशी भांडतं, हे मला पायथनने नाही, रजिस्टरने शिकवलंय.

हे लिहिताना मला बारा-तेरा वर्षांपूर्वीचं आठवलं. वाचनालयाने एक सॉफ्टवेअर विकत घेतलं होतं, कुणाचं ते राहू दे. त्यात पुस्तक परत आलं की देवघेवीची नोंद पुसली जायची. वर्षाअखेर कार्यकारिणीने विचारलं, सर्वांत जास्त वाचलं गेलेलं पुस्तक कोणतं? संगणकाला काहीही आठवत नव्हतं. मी कपाटातून पुस्तकं काढून मागच्या तारखांच्या शिक्क्यांवरून यादी केली. दोन दिवस लागले.

'काढून टाका' हे तू लिहिलेलं फंक्शन मात्र मला बघवलं नाही. आमच्याकडे काहीही काढून टाकत नाहीत. प्रत फाटली, हरवली, वाळवीने खाल्ली, की ठराव होतो, निर्लेखन होतं, लाल शाईने रेघ मारून पुढे तारीख आणि ठराव क्रमांक लिहितात. ओळ राहते. तो क्रमांक पुन्हा कुणाला मिळत नाही. तू क्रमांक कसा देतेस ते पाहिलं, यादीत जितकी पुस्तकं आहेत त्यात एक मिळवून. दहा पुस्तकं घाल, चौथं काढ, उरली नऊ. आता नवीन पुस्तक आणलंस तर त्याचा क्रमांक दहा. पण दहावं आधीच कपाटात बसलेलं आहे! करून बघ. पुढचा क्रमांक वेगळा जपून ठेव, तो फक्त वाढतो. आयएसबीएनवर, म्हणजे पुस्तकावर छापलेल्या आंतरराष्ट्रीय क्रमांकावर, विसंबू नकोस. तो प्रतीला नसतो, आवृत्तीला असतो, आणि ती पद्धतच १९७० च्या सुमाराची. आपली निम्मी जुनी कपाटं त्याच्या आधीची आहेत. जिथे आहे तिथे तो आकडा म्हणून नको, अक्षरं म्हणून ठेव. जुन्या दहा आकडी आयएसबीएनच्या शेवटी कधी कधी एक्स असतो. ड्यूईच्या विषयवार वर्गीकरण क्रमांकांचंही तसंच. मराठी कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कथा-कादंबरी ८९१.४६३. ह्यांची बेरीज कुणी करत नाही, ते पत्ते आहेत.

'कादंबरी', 'कवितासंग्रह', 'नाटक' असे तीन क्लास तू 'पुस्तक'पासून काढलेस, बहुधा इनहेरिटन्स (एका क्लासने दुसऱ्याचा वारसा घेणं) दाखवला की दोन गुण म्हणून. त्या तिघांत वागणुकीचा फरक काय? काहीच नाही, तिन्ही सात दिवसांना जातात. मग ते ग्रंथाच्या एका रकान्यात लिहिलं की पुरे. खरा फरक बघायचा तर संदर्भग्रंथ बघ. कोश घरी न्यायला मिळत नाही, म्हणून त्याला 'दे' म्हटलं की त्याने 'नाही' म्हणायला हवं. दिवाळी अंक बघ, त्याची योजना वेगळी, वर्गणी वेगळी, मुदत कमी. तिथे वारसा शोभतो.

लेखक हाही नुसता शब्द नाही. कविता वाचायच्या असतील तर गोविंदाग्रज, विनोद हवा तर बाळकराम, नाटक हवं तर राम गणेश गडकरी, आणि माणूस एकच. आमच्या ड्रॉवरमध्ये गोविंदाग्रजांच्या कार्डावर एवढंच लिहिलेलं आहे: 'पाहा: गडकरी, राम गणेश'. तुझ्या सरांच्या भाषेत त्याला रेफरन्स म्हणतात.

माझी फजिती सांगितली नाही तर अन्याय होईल. मी 'सभासद' क्लास लिहिला आणि 'घेतलेली_पुस्तकं' ही रिकामी यादी इनिटच्या (प्रत्येक नवी वस्तू तयार होताना चालणाऱ्या फंक्शनच्या) आत लिहायची सोडून क्लासच्या अंगातच वर लिहिली. तीन सभासद केले. पहिल्याला एक कादंबरी दिली आणि छापून पाहिलं तर तिघांच्याही नावावर तीच कादंबरी! दोन संध्याकाळी गेल्या. मला वाटलं संगणक बिघडला. शेवटी कळलं की यादी एकच होती, भिंतीवर टांगलेल्या फळ्यासारखी, आणि तिघेही त्याच फळ्यावर लिहीत होते. यादी इनिटमध्ये सेल्फला, म्हणजे त्या त्या सभासदाला, बांधली, तेव्हा प्रत्येकाला आपापलं कार्ड मिळालं. तुझ्या 'ग्रंथालय' क्लासमध्येही यादी तशीच वर लटकते आहे. ग्रंथालय एकच बनवलंस म्हणून तुला अजून कळलं नाही. बालविभागासाठी दुसरं बनवून बघ.

प्रोग्रॅम बंद केला की सगळं विसरतो, ते फाइलमध्ये ठेवायचं आहे हे तू लिहिलंच आहेस. फाइल उघडताना यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत) स्पष्ट लिही, आपल्या विंडोजवर त्यावाचून देवनागरीने मला रडवलं.

आणि आता मला तुझी मदत हवी आहे, दोन गोष्टींत.

एक. आपल्या गावाच्या इतिहासावरची पुस्तकं शोधायला मी 'कऱ्हाड' टाइप केलं. काही आली, काही आलीच नाहीत. डोळ्यांनी पाहिलं तर दोन्हीकडे अक्षर न् अक्षर तेच. मग लेन हे फंक्शन लावून लांबी मोजली. एकाची सहा, दुसऱ्याची सात! जुन्या नोंदींत तो अर्धा र साध्या र ला हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह लावून काढलाय, नव्या नोंदींत वेगळा ऱ वापरलाय. ॲ चंही तेच, एक अक्षर म्हणून वेगळा आणि अ वर चंद्र देऊन वेगळा. नोंद करतानाच सगळं एका रूपात आणणारं फंक्शन मी लिहायला घेतलंय, पण कुठली कुठली अक्षरं अशी दुतोंडी आहेत ह्याची यादी तुमच्या ग्रंथालयात कुणाला विचारून आण.

दोन. शीर्षकं अकारविल्हे लावायला सॉर्ट वापरलं, तर 'काळ' हा 'काव्य'च्या आधी येऊन बसतो. संगणकात ळ ला ल च्या शेजारी घर दिलंय. आमच्या ड्रॉवरमध्ये ळ हा ह च्या नंतर, मग क्ष, मग ज्ञ. पायथनचा 'क्षितिज' तर क च्या कार्डांत घुसतो. सॉर्टला 'की' (क्रम ठरवायचा निकष) म्हणून आपलं फंक्शन देता येतं इथवर मी पोचलो, पण जोडाक्षरं कशी फोडायची ते जमत नाही. तुला जमलं तर पाठव. सुट्टीत येशील तेव्हा आपण दोघं पहिल्या कपाटातल्या प्रती त्यात घालू, मी क्रमांक वाचेन, तू टाइप कर.

आईने शेंगदाण्याच्या चटणीची बरणी पाठवली आहे, झाकण घट्ट आहे, खोलीतल्या कुणाला तरी उघडायला सांग. थंडी पडली असेल, पहाटे अभ्यासाला बसतेस तर कान बांध.

तुझा,
बाबा

ता. क. तुझ्या त्रेचाळीस ओळींच्या माझ्या आत्तापर्यंत एकशे बारा झाल्या आहेत. रिकाम्या धरून.